बंदरातील वाटाड्या आणि आपला व्यापार

यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेखाची मागणी आली तेव्हा आम्ही तुरीच्या भावावर किंवा बाजार समितीच्या नियमांवर काही लिहावे, अशीच संपादक मंडळाची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही मागे दोन-तीन वेळा लिहिले आहे. भाव मात्र आमचे लेख न वाचता आपल्याच मर्जीने चालत आले आहेत. म्हणून यंदा निराळा विषय घेतला आहे. बंदरात जहाज सुखरूप आणणारा पायलट, त्या जहाजास ओढणारे टग आणि माल वाहणारे बार्ज यांविषयी सभासद बंधुभगिनींस थोडी माहिती द्यावी, असा आमचा विचार आहे.

बेल्यासारख्या गावी बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेस. राज्य तेलंगण, परंतु घरात आणि दुकानात मराठी. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. येथील काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन व तूर पिकते. पैनगंगेचे पाणी वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. समुद्राशी आपला संबंध एवढाच, असे शाळेत असताना आम्हांस वाटे. दुकानावर बसू लागलो आणि तो समज गेला. मोझांबिक, टांझानिया किंवा ब्रह्मदेशातील तूर न्हावा-शेव्यास अथवा चेन्नईस उतरू लागली की अकोला व लातूरचा भाव हलतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्याच्या काट्याजवळ उभा राहिलेला शेतकरी आम्हांस विचारतो, "शेट, काल तर भाव निराळा सांगितला होता?" त्यास काय सांगावे? त्या भावामागे आपण कधी न पाहिलेली किती माणसे असतात, हे आम्हांसही फार उशिरा कळले.

आमच्या पिढीतील पुष्कळांस १९७२ च्या दुष्काळातील तांबडी मिलो ज्वारी आठवत असेल. ती समुद्रापलीकडून आलेली. त्याआधी १९६० च्या मे महिन्यात आपले त्या वेळचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी अमेरिकेशी चार वर्षांचा करार केला, तो १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदळाचा होता. पुढे १९६६ साली तर एका वर्षात एक कोटी टनांच्या वर धान्य बाहेरून आणावे लागले. ही जहाजे धक्क्यास आपोआप लागली नाहीत. त्यांतील प्रत्येकावर बंदराबाहेर एक माणूस दोराच्या शिडीने चढला आणि त्याने ते आत आणले. तो पायलट होय. विमान चालविणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. जहाजाचा कप्तान साऱ्या पृथ्वीची वाट जाणतो. पायलट एकाच बंदराची वाट जाणतो, पण ती तळापासून जाणतो. गाळ कोठे साचला आहे, खडक कोठे आहे, ओहोटीचा ओघ कोणत्या वळणावर जहाजास बाजूला ढकलतो, हे त्यास पाठ असते.

ही विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात भरूच बंदराविषयी फार सविस्तर मजकूर आढळतो. नर्मदेचे मुख अरुंद, गाळाने भरलेले, आणि भरतीचा लोंढा इतका प्रचंड की नवखे जहाज आडवे होऊन रुतावे. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात, आलेल्या जहाजांस गाठीत, वल्ह्यांच्या बळावर ओढून गाळांमधून वाट काढीत, भरतीबरोबर पुढे सरकत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबत. वाचकांनी लक्ष दिले असेल की यात पायलटही आला आणि टगही आला. यंत्र तेवढे नव्हते. थांबण्याची शिस्तही त्या काळी ठरून गेलेली होती, हे आम्हांस विशेष वाटते.

बौद्धांच्या जातककथांत भरूचच्याच सुप्पारक नावाच्या वाटाड्याची कथा आहे. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले होते, तरी व्यापाऱ्यांनी त्यालाच आपल्या जहाजावर नेले. आपल्या आगमांत तर हा शब्द थेट भगवंतांसाठी योजिला आहे. उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्र या कुंभार श्रावकाच्या अध्ययनात भगवान महावीरांस महासार्थवाह म्हटले आहे, तसेच महानिर्यामकही म्हटले आहे. निर्यामक म्हणजे जहाज पार नेणारा. महाराजसाहेबांच्या व्याख्यानात हा शब्द आपण अनेकदा ऐकतो. भरूच, सोपारा येथून जहाजे धाडणाऱ्या त्या काळच्या व्यापाऱ्यांस तो रोजच्या व्यवहारातला होता. आपण घाटावरचे व्यापारी त्याचा मूळ अर्थ विसरून गेलो, एवढेच.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईच्या बंदरास उधाणाच्या भरतीस पाणी साडेचार मीटरांच्या आसपास चढते आणि ओहोटीस एक मीटरच्याही खाली जाते. म्हणजे दिवसातून दोनदा एका मजल्याइतके पाणी येते व जाते. कुलाब्याच्या दक्षिणेस खडकांची रांग समुद्रात शिरली आहे. तेथे १८७५ साली बांधलेला प्रॉंग्ज दीपगृहाचा मनोरा उभा आहे. त्याहून दक्षिणेस खांदेरीचा दिवा, तो १८६७ चा. या खुणा धरून मोठे जहाज खोल केलेल्या वाटेने आत येते. मुंबई बंदर व १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांची समुद्राकडील मुख्य वाट एकच. गाडीरस्त्यासारखी ती दिसत नाही. दोन्ही अंगांस बोये तरंगत असतात आणि त्यांच्या मधला पट्टा सोडला की बूड गाळात.

मुंबईची १९१४ साली उघडलेली गोदी, जिला पूर्वी अलेक्झांड्रा डॉक म्हणत व आता इंदिरा डॉक म्हणतात, ती तर दाराची गोदी आहे. भरतीचे पाणी आत धरून ठेवावयाचे आणि दार लावावयाचे, म्हणजे ओहोटीतही आतील जहाज टेकत नाही. या दाराचा अडसरा, ज्यास लॉक म्हणतात, तो सुमारे ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद आहे. त्यातून नव्वद-पंचाण्णव फूट रुंदीचे जहाज न्यावयाचे म्हणजे दोन्ही बाजूंस हात-दोन हात जागा. आमच्या वखारीच्या फाटकातून भरलेला ट्रक मागे घेताना हुशार चालकासही चौघांची 'येऊ दे, येऊ दे' लागते. येथे तर हजारो टनांचे वजन, ब्रेक नाही, आणि खालचे पाणी स्वतःच चालते आहे.

काही वर्षांपूर्वी डाळीच्या कामाने वाशीच्या दाणाबंदरात गेलो असता (हे नाव मुंबईतील मशीद बंदराजवळच्या जुन्या बाजाराचे, तो बाजार वाशीस हलला आणि नावही बरोबर घेऊन आला) एका आप्तांच्या घरी निवृत्त पायलट भेटले. रत्नागिरीकडचे गृहस्थ, बोलणे मोजके. आम्ही सहज विचारले की आपल्या कामात सर्वांत अवघड काय? आमची अपेक्षा होती की ते वादळाचे किंवा धुक्याचे नाव घेतील. ते म्हणाले, "शिडी." मग समजावून सांगितले. पायलटची लहान बोट चालत्या जहाजाच्या कुशीस भिडते. वरून दोराची, लाकडी पायऱ्यांची शिडी सोडलेली असते. बोट लाटेवर वर-खाली होत असते. ती माथ्यावर येते त्याच क्षणी शिडी पकडावयाची. क्षणभर उशीर झाला तर खाली गेलेली बोट पुढल्या लाटेबरोबर वर येऊन पाय चिरडते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नऊ मीटरांहून अधिक चढण असेल तर नुसती दोराची शिडी चालत नाही, वरच्या भागास जहाजाचा जिना जोडावा लागतो. दोर जुना, पायरी वाकडी, गाठ चुकीची, यांनी जगभर पायलट मेले आहेत.

"मग शिडी वाईट दिसली तर?" आम्ही विचारले.

"चढायचे नाही. जहाज थांबेल."

"आणि आमचे डॅमरेज?"

त्यांनी हसून उत्तर दिले, "शेटजी, तुमचे डॅमरेज मला त्या शिडीवरून रोज दिसायचे. कप्तान रेडिओवर तेच बोलत असे."

हे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळविले. जहाज एक दिवस थांबले की भाड्याचा आकडा वाढतो. म्हणून माल घेणारा मालकास टोचतो, मालक एजंटास, एजंट कप्तानास, आणि शेवटी ते सारे ओझे शिडीखालच्या लहान बोटीत उभ्या असलेल्या माणसावर येते. कायद्याने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याने ठरावीक बंदरांत दोनशे टनांच्या वरील जहाजास पायलट किंवा बंदराचा अधिकारी वर असल्यावाचून आत येण्यास, बाहेर जाण्यास वा जागा बदलण्यासही मनाई केली होती. तो कायदा शंभर वर्षांहून अधिक चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. पायलट वर आला म्हणून कप्तान मोकळा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वाट पायलट दाखवितो. जहाजाची जोखीम कप्तानाची राहते. आपल्याकडे दलाल सौदा जुळवितो, पण हुंडी शेटच्याच सहीने फिरते, तसेच हे.

पायलट वर चढल्यावर टगांचे काम सुरू होते. टग म्हणजे ठेंगणी, रुंद बांध्याची बोट. आकाराच्या मानाने तिचे इंजिन फार मोठे. नव्या टगांचे पंखे बुडाखाली चहूकडे फिरतात, त्यामुळे ती जागच्या जागी वळू शकते. एक टग पुढे, एक मागे, मोठ्या जहाजास आणखी दोन. पूर्वी पायलट शिट्टीने खूण करी आणि टग भोंग्याने उत्तर देई. आता हातातील रेडिओ आहे.

टगेस सर्वांत मोठा धोका तिच्या स्वतःच्या दोराचा असतो. तो कसा, हे आपल्याकडील उदाहरणाने सांगतो. नाल्यात रुतलेली बैलगाडी दुसऱ्या जोडीने ओढताना दोर सरळ रेषेत असला तर ठीक. ओढणारी जोडी आडवी फिरली की दोर तिलाच बाजूने खेचतो. टगेचे तसेच होते. मोठे जहाज वेगाने पुढे निघाले आणि टग मागे पडून आडवी झाली, तर दोर तिच्या कुशीतून ताणला जातो आणि काही क्षणांत ती पालथी होते. सावध होण्यास वेळ मिळत नाही. म्हणून दोराचा आकडा एका झटक्यात सुटेल असा ठेवतात आणि तो सुटतो की नाही हे काम सुरू करण्यापूर्वी पाहतात. टगेची दारे, झाकणे काम चालू असताना बंद ठेवावयाची हा दुसरा नियम. इंजिनघरात उकाडा असतो, खलाशी दार उघडे टाकतो, आणि कललेली बोट जी एरवी सावरली असती ती त्या दारातून पाणी घेऊन बुडते. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहावयाचे नाही हा तिसरा. तुटलेला दोर तलवारीसारखा फिरतो.

खुल्या समुद्रात बार्ज ओढताना दोर मुद्दाम लांब सोडतात. तो मधोमध झोळीसारखा पाण्यात लोंबतो आणि लाटेचा हिसका पोटात घेतो. परंतु त्यामुळे टग व बार्ज यांमध्ये बरेच पाणी मोकळे दिसते, आणि रात्री एखादा मच्छीमार ती दोन निरनिराळी जहाजे समजून मधून जाऊ पाहतो. यासाठी टगेने डोलकाठीवर एकाखाली एक दोन पांढरे दिवे लावावेत, ओढणीची लांबी दोनशे मीटरांहून अधिक असेल तर तीन लावावेत, मागे पिवळा दिवा असावा, असा नियम साऱ्या जगात एकच आहे. आमच्यासारख्यास त्या दिव्यांची भाषा वाचता येणार नाही. कोकणातील तांडेलास ती येते.

बार्जविषयी लिहिताना गोव्याची आठवण होणे साहजिक आहे. मांडवी व जुवारी या नद्यांतून खनिज लोखंड भरलेले बार्ज मुरगावकडे जाताना आम्ही पाहिले आहेत. पाणी त्यांच्या काठाशी इतके जवळ आलेले की पाहणाऱ्याचा जीव दडपावा. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्याजवळ, वाळूचा दांडा व लाटा यांनी वाट बंद होते. मग बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीने आतून जुवारीत उतरतात. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि पुष्कळ बार्ज नदीकाठी गंजत पडले. मुंबईच्या दक्षिणेस धरमतरच्या खाडीतही असेच बार्ज कोळसा व खनिज घेऊन डोलवीच्या कारखान्यास जातात. भरतीची वेळ साधली तर ठीक, नाही तर गाळात सहा तास.

बार्ज कसे भरावे याविषयी मात्र आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. मोकळ्या धान्याचा स्वभाव आपण जन्मभर पाहिला आहे. ज्वारीची रास ओतली की ती आपल्या उताराने स्थिर होते. खालून फावडे लावले की वरचा सारा थर एकदम घसरतो. हेच जहाजाच्या पोटात घडते. होल्ड अर्धवट भरलेला असेल आणि जहाज लाटेने एका बाजूस कलले, तर धान्य त्या बाजूस वाहते आणि परत येत नाही. पुढल्या लाटेस ते आणखी सरकते. पोती भरलेली असली तर हा धोका कमी. पोते आपल्या जागी बसून राहते. यावर १९९१ साली आंतरराष्ट्रीय धान्य संहिता तयार झाली व ती १९९४ पासून बंधनकारक आहे. अर्धवट भरलेल्या होल्डमधील धान्य २५ अंशांनी सरकेल असे धरून हिशेब करावयाचा आणि तसे झाले तरी जहाज १२ अंशांहून अधिक कलता कामा नये, असा त्यातील नियम. होल्ड काठोकाठ भरून वरचा भाग सपाट करावा, नाही तर मध्ये फळ्यांचे आड घालावे, हे उपाय त्यातून आले. आमच्या हमालांनी हे गणित ऐकले तर ते म्हणतील, यात नवीन ते काय?

ओल्या मालाची गोष्ट याहून वाईट. खनिजाचे बारीक चूर्ण ओले भरले तर इंजिनाच्या थरथरीने त्याचा चिखल होतो आणि तो पाण्यासारखा एका कुशीस जमतो.

माणसांचेही धान्यासारखेच होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात सापडली. लाटेचे पाणी आत आले, घाबरलेले उतारू एका बाजूस धावले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणात त्या अवसेची आठवण अजून काढतात. आपल्या जवळच्याच वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून एका कुटुंबाच्या गोतावळ्यातील ११ जण बुडाले. दशक्रियेसाठी आलेली मंडळी होती ती. पैनगंगेच्या डोंग्यातही पावसाळ्यात आम्ही बसलो आहोत. जुना नावाडी माणसे मोजून घेई आणि मोटारसायकल असेल तर दोन माणसे उतरवी. लोक त्याच्यावर रागावत.

बार्जचा आणखी एक प्रकार आहे, ज्यास स्वतःचे इंजिनच नसते. तो नांगरांवर किंवा टगेच्या दोरावर अवलंबून. अशा बार्जचे काय होते ते १७ मे २०२१ रोजी साऱ्या देशाने पाहिले. मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींच्या कामासाठी पी-३०५ नावाचा बार्ज उभा होता. कामगारांच्या निवासाचा तो बार्ज. त्यावर २६१ माणसे होती. तौक्ते वादळाची सूचना हवामान खात्याने आधीच दिली होती आणि त्या तेलक्षेत्रातील बहुतेक जहाजे सुरक्षित जागी गेलीही होती. हा बार्ज तेथेच राहिला. वादळात त्याचे नांगर सुटले, तो भरकटत तेलाच्या एका फलाटावर आदळला आणि त्याच दिवशी बुडाला. 'वरप्रदा' नावाची टगही १३ माणसांसह बुडाली. दोहोंवरील २७४ पैकी १८८ जणांस वाचविण्यात आले. ८६ जण गेले. नौदलाच्या 'कोची' व 'कोलकाता' या युद्धनौकांनी त्या उसळत्या समुद्रात रात्रभर माणसे उचलली, म्हणून हा आकडा एवढ्यावर थांबला. त्याच वादळात 'गॅल कन्स्ट्रक्टर' हा दुसरा बार्ज भरकटत पालघरच्या किनाऱ्याजवळ येऊन रुतला. त्यावरील १३७ जण सुखरूप निघाले. रुतला म्हणून वाचला, असेच म्हणावे लागेल.

इंजिन नसलेल्या बार्जने वादळ आल्यावर निघण्याचा विचार करून उपयोग नसतो. त्यास ओढणारी टग आधी पोहोचावी लागते, नांगर उचलण्यास तास जातात, आणि ओढणीचा वेग बैलगाडीपेक्षा फार अधिक नसतो. म्हणून त्याचा निर्णय आभाळ निरभ्र असतानाच घ्यावा लागतो, आणि निरभ्र आभाळात काम बंद करण्याचा हुकूम देणारा मनुष्य सर्वांस भित्रा व खर्चिक वाटतो. आमच्या मते सारी अडचण येथे आहे. यंत्रे सुधारली, हवामानाचा अंदाज सुधारला. परंतु एक दिवसाचे काम बुडाले तर त्याचा जाब कोणी कोणास विचारावयाचा, हा व्यवहार आपल्या व्यापारी जगाने नीट ठरविलेला नाही. आपल्या सौद्यांच्या कागदांत विलंबाचा दंड असतो. 'हवामानामुळे कप्तानाने किंवा पायलटने थांबविल्यास दंड नाही' हे वाक्य किती कागदांत असते? सभासदांनी आपापले कागद काढून पाहावेत.

आता थोडे उपयोगाचे. मार्च २०२१ मध्ये सुएझच्या कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज सहा दिवस आडवे अडकले होते, ते सर्वांस आठवत असेल. वर दोन मिसरी पायलट होते, खलाशी आपले भारतीय. गाळ उपसून, अनेक टगांनी ओढून आणि पौर्णिमेच्या भरतीची वाट पाहून ते सुटले. नंतर जहाजमालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केले. या शब्दाचा अर्थ आपल्या पुष्कळ बंधूंस ठाऊक नसतो. जहाज व माल यांना संकटातून सोडविण्यासाठी जो असाधारण खर्च होतो, तो ज्यांचा ज्यांचा माल जहाजात आहे त्या सर्वांवर मालाच्या किमतीप्रमाणे वाटला जातो. तुमच्या पोत्यास ओरखडासुद्धा आला नसला तरी तुमचा वाटा द्यावा लागतो, आणि हमी दिल्यावाचून माल हाती मिळत नाही. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख अनामत भरावी लागते. आयात तुरीत भागीदारी करणाऱ्या ज्या मंडळींनी 'चार दिवसांचा तर प्रवास' म्हणून विमा टाळला, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

२६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथे 'डाली' जहाज पुलावर आदळले, तेथेही खलाशी बहुतेक भारतीय होते. धक्क्यापासून दूर नेल्यावर टग सोडून दिल्या होत्या; त्यानंतर जहाजाची वीज गेली. चौकशीत मूळ कारण एक सैल राहिलेली तार निघाले. वर असलेल्या पायलटांच्या हाती चार-पाच मिनिटे होती. त्यांनी नांगर टाकण्यास सांगितले, टग परत बोलावल्या आणि पूल बंद करण्याची सूचना धाडली. पोलिसांनी दोन्ही टोकांस गाड्या अडविल्या. पुलावर दुरुस्ती करणारे सहा मजूर गेले. गाड्यांतील सारे लोक वाचले.

मुंबईच्या वाटेवर ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून निघालेले 'एम.एस.सी. चित्रा' आणि आत येणारे 'खलिजिया' यांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडून वाटेत तरंगू लागले, तेल सांडले आणि दोन्ही बंदरे काही दिवस बंद पडली. एकच वाट असल्याचा हा परिणाम. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगाने चाललेली बोट आदळून १५ जण गेले, तेव्हा जवळून जाणारी बंदराची एक पायलट बोट प्रथम पोहोचणाऱ्यांत होती. तिच्यावरील चौघा-पाच जणांनी पुष्कळ उतारू ओढून वर घेतले. शिडीखाली उभी राहणारी ती हीच लहान बोट.

घरोघरच्या मुलामुलींसाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्याच समाजातील सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती मंडळींसह सिंदिया कंपनी काढली आणि तिचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन पाळला जातो. त्या काळी भारतीय तरुणास जहाजावरील अधिकाऱ्याचे शिक्षण मिळण्याची सोय देशात नव्हती. ती १९२७ साली 'डफरिन' या शिक्षण-नौकेवर झाली. आज भारतीय सागरी विद्यापीठ आहे, नवी मुंबईस त्याचा परिसर आहे. पायलट होण्याची वाट लांब आहे. अगोदर समुद्रावर वर्षे काढून वरच्या दर्जाचा परवाना मिळवावयाचा, मग बंदरात पुन्हा उमेदवारी, प्रथम लहान जहाजे, नंतर मोठी. कलकत्त्यास हुगळीची वाट शंभर मैलांहून लांब आणि रोज बदलणाऱ्या वाळूची. तेथील पायलटांची उमेदवारी त्यामुळे निराळी व अधिक कठीण समजतात. त्याच नदीवर चेन्नईच्या रेश्मा निलोफर नाहा या २०१८ साली देशातील पहिल्या स्त्री-पायलट झाल्या. बेल्याच्या शाळेतील एखाद्या मुलीने समुद्र पाहिलेला नसेल. रेश्माबाईंनीही हुगळीचा तळ जन्मतः पाहिलेला नव्हता.

भरती-ओहोटीचे कोष्टक कसे वाचावे, आणि बिल ऑफ लेडिंग व विम्याच्या कागदांतील कोणती कलमे आपल्या आयात भागीदारांनी तपासावीत, याविषयी आमच्याकडे काही टिपणे आहेत. विस्तारभयास्तव ती येथे दिली नाहीत. ज्यांस हवी असतील त्यांनी दुपारी तीननंतर दुकानावर यावे. सकाळी काट्यावर गर्दी असते.